ढोबळी मिरची लावायची? आधी थंड रात्री मोजा

घरच्या कुंडीत टोमॅटो येतात, वांगी येतात, लवंगी मिरची तर न विचारताही येते. ढोबळी मिरचीच्या बाबतीत मात्र घरोघरी एकच गाऱ्हाणं: झाड छान वाढलं, फुलं आली आणि गळून गेली. मग खत बदललं जातं, ताक शिंपडलं जातं, कोणीतरी सांगितलेलं औषध मारलं जातं. बहुतेक वेळा दोष यांपैकी कशाचाच नसतो. रोप चुकीच्या महिन्यात लावलेलं असतं.

ढोबळी म्हणा, भोपळी म्हणा की सिमला, झाड एकच, आणि ते आपल्या तिखट मिरचीचं सख्खं भावंड. वनस्पतिशास्त्रात दोघींचं नावही एकच आहे, कॅप्सिकम ॲन्युअम. तिखटपणा घडवणारं जनुक ढोबळीत निकामी झालेलं असतं, म्हणून ती गोड. पण स्वभावात फरक मोठा. तिखट मिरची आपल्या उन्हाला फारशी दाद देत नाही, तर ढोबळीला दिवसा २० ते २८ अंश आणि रात्री १६ ते २० अंश सेल्सिअस एवढीच हवा मानवते. यातला रात्रीचा आकडा जास्त महत्त्वाचा. दिवसाचं ऊन जाळी बांधून कमी करता येतं, रात्रीची उष्मा घालवायला आपल्याकडे काहीच साधन नसतं.

रात्र गरम असली की नेमकं काय बिघडतं? दिवसभर पानांनी तयार केलेली साखर झाड रात्री श्वसनात खर्च करतं. रात्र जितकी उबदार तितका हा खर्च जास्त, आणि मग फुलांच्या वाट्याला काही उरत नाही. देठाशी एक पातळ थर तयार होतो आणि फूल तिथून सुटून पडतं. शिवाय गरमीत पराग वांझ होतात. ते कळी अगदी लहान असताना, फूल उमलण्याच्या साधारण दोन आठवडे आधी घडत असतात. म्हणजे आज गळलेल्या फुलाचं कारण पंधरवड्यापूर्वीच्या हवेत असू शकतं. कालच्या खताला दोष देण्यात अर्थ नाही. रात्री २४ अंशांच्या खाली उतरत नसतील किंवा दिवस ३२-३५ च्या पुढे जात असतील, तर फळधारणा जवळजवळ थांबते.

थंडीचा घोळ वेगळा आहे. रात्र १२-१३ अंशांखाली गेली की फूल गळत नाही, उलट चिकटून बसतं, पण परागांत जोर नसल्यामुळे आत बिया धरत नाहीत. बी नाही म्हणजे फळाला वाढायचा हुकूमच नाही. अशी फळं चपटी, सुपारीएवढी, शर्टाच्या गुंडीसारखी राहतात. ती मोठी होतील म्हणून वाट बघू नये. दिसताच काढून टाकावीत, म्हणजे झाडाची ताकद पुढच्या फुलांना मिळते.

पेरणीची तारीख उलटी काढा

बी पेरल्यापासून रोप लावण्याजोगं व्हायला ४० दिवस, आणि तिथून फुलोरा यायला आणखी ३५ ते ४० दिवस. म्हणजे पेरणी ते पहिली चांगली फुलं हे अंतर अडीच महिन्यांचं. तुमच्या गावी रात्री १६ ते २० अंशांवर कधी येतात ते बघा आणि तिथून अडीच महिने मागे या. ती तुमची पेरणीची तारीख.

पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर या भागांत ऑक्टोबरच्या शेवटी रात्री सुखावह होतात आणि डिसेंबर-जानेवारीत जास्तच गार पडतात. म्हणून इथे पेरणी ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, लावणी सप्टेंबरच्या मध्याला. फुलं ऑक्टोबरअखेर, हिरवी फळं डिसेंबरात. कडाक्याच्या थंडीत झाड आळसावतं, मग फेब्रुवारीत फुलांचा दुसरा बहर येतो आणि ऊन तापेपर्यंत चालतो. विदर्भात हा दुसरा बहर तोकडा असतो, कारण तिथे मार्चमध्येच ऊन चटकायला लागतं. त्यामुळे नागपूरकरांनी ऑगस्टची तारीख चुकवू नये.

मुंबई, ठाणे, कोकणपट्टी आणि गोव्याचं वेळापत्रक निराळं. तिथे ऑक्टोबरच्या रात्री अजून चिकट आणि गरम असतात. हवा बरी होते ती डिसेंबर ते फेब्रुवारी. म्हणून पेरणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, लावणी नोव्हेंबरच्या सुरुवातीला, हिरवी फळं जानेवारीअखेर. किनाऱ्यावर हंगाम छोटा आहे, एकच बहर नीट मिळतो, हे आधीच मान्य केलेलं बरं. महाबळेश्वर-पाचगणीला सगळं उलटं: तिथे उन्हाळाच या झाडाला मानवतो, डिसेंबरात घरात उबेला रोपं करून मार्च ते मेमध्ये फळं घ्यायची.

तारीख हुकली असेल तर रोपवाटिकेतून तयार रोप आणा, ४० दिवस वाचतात. मात्र फुलं किंवा फळं लागलेलं रोप हौसेने उचलू नका. इवल्याशा पिशवीत मुळं कोंडून फुललेलं रोप मोठ्या कुंडीत गेल्यावरही खुरटंच राहतं. बुटकं, जाड बुंध्याचं, पाच-सहा पानांचं, कळी नसलेलं रोप निवडा आणि पानं उलटून खालची बाजू बघा. कीड तिथेच बसून घरी येते.

बी

बाजारात सहज मिळणाऱ्या जातींपैकी कॅलिफोर्निया वंडर ही जुनी, सरळ वाणाची जात. तिचं बी धरून पुढच्या वर्षी पेरता येतं. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अर्का मोहिनी आणि अर्का गौरव याही सरळ वाणाच्या. अर्का मोहिनीची फळं मोठी असतात आणि पिकून लाल होतात. अर्का गौरव जिवाणूंमुळे होणाऱ्या मर रोगाला बऱ्यापैकी तोंड देते, म्हणून कोकण-गोव्यात तिचा विचार आधी करावा. संकरित बियाण्यांत इंद्रा हे नाव हिरव्या मिरचीसाठी सर्रास ऐकू येतं. बाजारात चकचकीत लाल-पिवळ्या मिरच्या दिसतात, त्यांच्या जाती मुख्यतः पॉलिहाऊससाठी केलेल्या असतात. तिथे झाडाच्या दोनच फांद्या ठेवून त्या दोरीवर टांगतात, खत रोज ठिबकमधून देतात. तेच बी गच्चीवर लावून तेवढंच फळ मागणं हा त्या झाडावर अन्याय आहे.

भाजी चिरताना निघालेलं बी पेरलं तर? हिरव्या मिरचीचं बी कच्चं असतं, ते बहुधा उगवतच नाही. पूर्ण लाल किंवा पिवळ्या मिरचीचं उगवतं, पण ती मिरची संकरित असल्याने लेकरं आईवर जातीलच असं नाही. एखादं झाड छान निघतं, एखाद्याला पातळ सालीची वाकडीतिकडी फळं येतात. गंमत म्हणून लावा, एकुलत्या एका कुंडीत मात्र नको.

इथेच एक भीती दूर करू. शेजारी तिखट मिरची लावली तर ढोबळी तिखट होत नाही. तिखटपणा बियांना धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गादीत तयार होतो, आणि ती गादी आईच्या झाडाची असते. परका पराग आला तर फरक बियांच्या आत पडतो. ते बी पुढच्या वर्षी पेरलं तर मात्र झटका बसू शकतो. बुडाशी चार उंचवटे असलेली मिरची मादी आणि तीन असलेली नर, हा मोबाइलवर फिरणारा शोधही निव्वळ थाप आहे. प्रत्येक मिरची एकाच प्रकारच्या फुलातून येते आणि त्या फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात. उंचवटे किती, हे जात आणि हवा ठरवतात.

पेरणीसाठी खणांचा ट्रे किंवा तळाला भोक पाडलेले चहाचे कागदी कप चालतात. कोकोपीट आणि गांडूळखत समप्रमाणात घ्या, दाबून पिळल्यावर दोन-चार थेंबच निघतील इतकं ओलं करा, आणि बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल टाका. २५ ते ३० अंशांत ते ७ ते १४ दिवसांत उगवतं. टोमॅटोच्या मानाने उशीरच होतो, त्यामुळे पाचव्या दिवशी उकरून बघू नका. कोंब दिसताच ट्रे उजेडात आणा, नाहीतर रोपं लांबुळकी होतात. ऑगस्टची पेरणी असेल तर पावसाचा थेंब थेट पडू नये असं छप्पर हवं. रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडतात ती ओल आणि कोंडलेल्या हवेमुळे, पाणी कमी पडल्यामुळे नाही. मातीत आधीच चिमूटभर ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी) मिसळणं आणि वरचा थर सुकल्याशिवाय पाणी न देणं, एवढी काळजी पुरते.

कुंडी, माती आणि लावणी

एका झाडाला १५ ते २० लिटरची कुंडी किंवा पिशवी, म्हणजे तोंड आणि खोली दोन्ही साधारण १२ इंच. दहा इंची कुंडीतही झाड जगतं, पण मार्चमध्ये दुपारपर्यंत माती कोरडी पडते, आणि या झाडाला तेवढं एक सहन होत नाही. मिश्रणाला कोणतंही एक माप धरा: चार माप पोयटा किंवा लाल माती, तीन माप धुतलेलं कोकोपीट, तीन माप चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. प्रत्येक कुंडीमागे १०० ग्रॅम निंबोळी पेंड. जिथे आधी टोमॅटो, वांगं, बटाटा किंवा मिरची होती ती माती तशीच वापरू नका. या साऱ्या एकाच कुळातल्या, रोगही सामाईक. जुनी माती वापरायचीच असेल तर मे महिन्यात ओली करून पारदर्शक प्लास्टिकमध्ये घट्ट बांधा आणि चार ते सहा आठवडे उन्हात तापू द्या.

अंगणातल्या काळ्या जमिनीत लावत असाल तर एक फूट उंच गादीवाफा करा आणि दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवा. काळी माती पाणी धरून ठेवते. ढोबळीची मुळं त्यात गुदमरतात आणि दोन दिवस पाणी साचलं तरी बुडापासून कुजतात.

जागेला रोज पाच-सहा तास ऊन हवं. पूर्वेची गॅलरी उत्तम. पश्चिमेची थंडीत चालते, फेब्रुवारीनंतर ३५ ते ५० टक्क्यांची शेडनेट लावावी लागते.

लावणी संध्याकाळी करा. टोमॅटोचं रोप आपण खोडापर्यंत खोल पुरतो, कारण त्याच्या खोडाला मुळं फुटतात. ढोबळीला हा फायदा फारसा मिळत नाही, उलट पुरलेलं खोड कुजायचा धोका राहतो. ट्रेमध्ये जेवढं खोल होतं तेवढंच ठेवा. त्याच वेळी तीन फुटी बांबूची काठी रोवून घ्या. नंतर रोवली तर मुळं तुटतात. आणि काठी लागतेच, कारण या झाडाच्या फांद्या काचेसारख्या कडकन मोडतात.

पहिलं फूल खुडायचं

आठ-दहा पानं झाल्यावर खोडाला पहिला फाटा फुटतो आणि नेमक्या त्या बेचक्यात पहिली कळी येते. ती काढून टाकायची. हे सांगितलं की लोकांचा जीव कासावीस होतो, पण हिशेब सोपा आहे. एवढ्याशा झाडाने तिथे फळ धरलं तर सगळी साखर त्याच्याकडे जाते, फांद्या वाढत नाहीत, आणि बेचक्यात अडकलेलं फळ फुगताना फाटाही चिरतो. ती एक कळी खुडली की झाड आधी अंगाने भरतं. बेचक्याच्या खालची खोडावरची फूट काढा. वर तीन-चार मजबूत फांद्या ठेवून प्रत्येकीला सुती दोरीने सैल आठच्या आकड्यात काठीला बांधा.

फूल स्वतःच्याच परागाने फळतं, मधमाशी आली तर फळ जास्त भरदार होतं. काचबंद गॅलरीत वाराही नाही आणि माशीही नाही, तिथे सकाळी दहाच्या सुमारास फांद्यांना बोटाने हलकी टिचकी मारा. बी एका बाजूलाच धरलं तर फळ त्याच बाजूने फुगतं आणि दुसरीकडून चेपलेलं राहतं. वाकड्या मिरचीचं हे नेहमीचं कारण.

झाडावर चार-पाच फळं वाढत असताना नवी फुलं गळतात, तेव्हा घाबरू नका. झाडाला पेलवत नाही तेवढं ते टाकून देतं. फळं काढली की पुन्हा फुलतं.

खत

लावणीनंतर पहिला महिना पानं-फांद्यांचा. दहा दिवसांनी एकदा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला २ ग्रॅम, कुंडीला एक लिटर. कळ्या दिसू लागल्या की नत्र कमी आणि पालाश जास्त हवं, म्हणून १३:०:४५, पुन्हा लिटरला २ ग्रॅम, आठवड्यातून एकदा. रासायनिक नको असेल तर १०० ग्रॅम शेंगदाणा पेंड एक लिटर पाण्यात तीन-चार दिवस आंबवा, दहापट पाणी घालून पंधरा दिवसांनी एकदा द्या आणि त्याबरोबर मूठभर गांडूळखत. युरिया नकोच. त्याने काळसर हिरवं, भरगच्च, बिनफुलांचं झाड मिळतं आणि मावा या रस शोषणाऱ्या किडीला मेजवानी. केळीच्या सालांचं पाणी घालायला हरकत नाही, पण त्यावर विसंबून राहू नये.

पाणी, आणि बुडाशी पडणारा काळा डाग

फळ लिंबाएवढं होतं आणि त्याच्या बुडाशी पाणचट चट्टा पडतो. तो आधी फिका, मग तपकिरी, चामड्यासारखा होतो आणि त्यावर काळी बुरशी चढते. बुरशी नंतर आलेली असते, त्यामुळे बुरशीनाशकाचा उपयोग नाही. मूळ दुखणं कॅल्शियमचं. आणि इथेच बहुतेक जण फसतात: कॅल्शियम कमी म्हणून अंड्याची टरफलं टाकतात, खायचा चुना कालवून ओततात.

कॅल्शियम झाडात फक्त पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं. पाणी जिकडे जास्त उडतं तिकडे ते जास्त जातं, म्हणजे पानांकडे. मिरचीच्या तुकतुकीत सालीतून पाणी जवळपास उडतच नाही, त्यामुळे फळाच्या वाट्याला आधीच थोडं येतं, आणि फळाचं टोक तर रांगेत शेवटचं. एखाद्या दुपारी माती कोरडी पडली की प्रवाह तुटतो आणि वेगाने वाढणाऱ्या टोकाच्या पेशी कोसळतात. डाग दिसतो आठ-दहा दिवसांनी, तोवर ती दुपार आपण विसरलेलो असतो.

देशावरच्या काळ्या मातीत चुनखडी मुळातच भरपूर असते. तिथे आणखी चुना घालणं म्हणजे माती आणखी अल्कधर्मी करून लोह आणि जस्त अडकवून ठेवणं. तिथे इलाज एकच, पाण्यात सातत्य. कोकण-गोव्याची जांभ्याची माती आम्लधर्मी असते, तिथे कुंडी भरताना मूठभर चुनखडीची भुकटी मिसळणं योग्य. तिसरा प्रकार कोकोपीटचा. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम आणि पोटॅशियम असतं, आणि असं कोकोपीट कॅल्शियम स्वतःकडे ओढून घेतं. म्हणून ते दोन-तीनदा भिजवून पिळून घ्यायचं. कोकोपीट जास्त असलेल्या कुंडीला फळधारणेपासून पंधरा दिवसांनी एकदा कॅल्शियम नायट्रेट लिटरला ३ ग्रॅम, अर्धा ते एक लिटर द्या. ते दुसऱ्या खतात मिसळू नका. फॉस्फेट किंवा सल्फेट असलेल्या खताबरोबर त्याचा न विरघळणारा साका तळाला बसतो आणि दोन्ही वाया जातात. अंड्याची टरफलं विरघळायला अनेक महिने घेतात. यंदाच्या फळाला त्यांचा उपयोग नाही.

पाणी किती? बोट दोन इंच मातीत घाला. ओल लागली तर थांबा, कोरडं लागलं तर तळातून थेंब निघेपर्यंत द्या. १५ लिटरच्या कुंडीला थंडीत रोज एक लिटरच्या आसपास, मार्चमध्ये दोन लिटर, तेही सकाळ-संध्याकाळ विभागून. मातीवर दोन इंच सुका पाला किंवा उसाचं पाचट पसरा. गच्चीच्या फरशीवर कुंडी थेट न ठेवता विटांवर ठेवा आणि काळ्या पिशवीला गोणपाट गुंडाळा, नाहीतर मुळं अक्षरशः शिजतात. दुपारी पानं मलूल आणि संध्याकाळी पुन्हा ताठ, तर ती उन्हाची मरगळ. आणखी पाणी ओतू नका.

डाग बुडाशी नसून फळाच्या उन्हाकडच्या बाजूला असेल, पांढुरका, कागदासारखा, तर तो उन्हाचा चटका. तो पानं विरळ झालेल्या झाडालाच होतो, म्हणून फळावरची पानं “हवा लागावी” म्हणून काढत बसू नये.

पानं कोणत्या बाजूला वळली आहेत?

मिरचीवर “बोकड्या आला” किंवा “चुरडा-मुरडा झाला” असं आपण म्हणतो, पण या एका नावाखाली तीन वेगळी दुखणी असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. पान बघा. कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. शेंड्याची पानं पांढऱ्या कागदावर झटका, खसखशीच्या दाण्याहूनही बारीक, पिवळट लांबट किडे चालताना दिसतील. कडा खाली वळून पान उपड्या होडीसारखं झालं असेल, देठ लांबले असतील आणि शेंडा ताठरला असेल तर कोळी नावाची सूक्ष्म कीड. ही कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे “कीड तर काहीच नाही” म्हणून लोक खत वाढवतात. आणि पानं लहान, पिवळट, शिरा जाड, झाडच आखडलेलं असेल, तर विषाणू. तो पांढरी माशी, मावा यांच्या सोंडेतून येतो.

फुलकिडे, मावा, पांढरी माशी यांना एक लिटर पाण्यात ५ मिली निंबतेल आणि १ ते २ मिली द्रव साबण, किंवा ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम निंबोळ्यांची भरड रात्रभर भिजवून गाळलेलं पाणी. ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने, दर सात दिवसांनी तीन वेळा. एकदा मारून सोडलं तर अंड्यांतून पुढची पिढी निघतेच. फुलकिड्यांसाठी निळा चिकट सापळा, माशी आणि माव्यासाठी पिवळा, झाडाच्या शेंड्याच्या पातळीवर टांगा. कोळीवर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम. पानांवरची भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, तीही त्याने आटोक्यात येते. मात्र निंबतेल मारल्यावर दोन आठवडे गंधक नको आणि कडक उन्हाच्या दिवसांत तर नकोच, पानं करपतात. कोणतीही फवारणी आधी दोन पानांवर करून एक दिवस थांबणं शहाणपणाचं.

विषाणूवर औषध नाही. ते झाड उपटून पिशवीत बांधून टाकून द्यायचं. खतात टाकायचं नाही, आणि “बघू, सुधारेल” म्हणून शेजारच्या चार झाडांमध्ये ठेवायचंही नाही.

हिरवंगार झाड एका-दोन दिवसांत कोमेजलं, पानं पिवळीही न पडता, तर जिवाणूजन्य मर असू शकते. खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात नुसता टेकवून धरा. कापातून दुधाळ धागे उतरू लागले तर तीच. ती माती मिरचीवर्गीय कशालाच पुन्हा वापरू नका. कोकण-गोव्याच्या दमट हवेत हे दुखणं जास्त. देठाजवळ गोल भोक आणि आजूबाजूला विष्ठा दिसली तर फळात अळी आहे. ते फळ तोडून नष्ट करा आणि संध्याकाळी उरलेली फळं पारखून घ्या.

तोडणी: हिरवी की रंगीत?

हिरवी, लाल, पिवळी या वेगळ्या भाज्या नाहीत. हिरवी म्हणजे कच्ची, रंगीत म्हणजे पिकलेली. लाल होणारी जात कितीही वाट बघितली तरी पिवळी होणार नाही, तो रंग जातीत ठरलेला. फूल लागल्यापासून ३५ ते ५० दिवसांत फळ पूर्ण आकाराचं हिरवं होतं. साल तुकतुकीत, दाबल्यावर टणक आणि टिचकी मारली की पोकळ आवाज, ही खूण. रंग यायला तिथून आणखी तीन ते चार आठवडे.

या तीन-चार आठवड्यांची किंमत मोजावी लागते. पिकणारं फळ झाडाला सांगत असतं की बी तयार होतंय, आता नव्या फुलांची गरज नाही. निरोगी झाड कुंडीत हंगामात आठ-दहा फळं देतं, १०० ते १५० ग्रॅमची. सगळी लाल करायची ठरवली तर त्यातली तीन-चार कमी पडतात. बदल्यात गोडी मिळते आणि हिरवीच्या दीडपट क जीवनसत्त्व. मधला मार्ग असा: पहिली दोन-तीन फळं हिरवीच तोडा, म्हणजे झाड पुढच्या फुलांना लागतं, आणि नंतरची रंगावर ठेवा. किनाऱ्यावर हंगाम आखूड, तिथे हिरवीवर समाधान मानलेलं बरं.

फळ हाताने ओढू नका, फांदीसकट हातात येतं. कात्रीने दीड-दोन सेंटिमीटर देठ ठेवून कापा, सकाळी, फळावरचं दव सुकल्यावर. कात्री आधी साबणाने धुतलेली हवी आणि तंबाखूचा हात झाडाला नको, कारण तंबाखूतले विषाणू मिरचीलाही लागतात. अर्ध्याहून जास्त रंगलेलं फळ तोडून घरात ठेवलं तरी उरलेला रंग चढतो. पूर्ण हिरवं तोडलेलं मात्र डब्यात ठेवून लाल होत नाही, ते नुसतं सुरकुततं.

फळं न धुता, भोकं असलेल्या पिशवीत किंवा सुती कापडात, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. ७ ते १० अंशांत दोन आठवडे राहतात. वरच्या गार कप्प्यात सालीवर खड्डे पडतात आणि आतल्या बिया तपकिरी होतात. घरच्या मिरचीची साल बाजारच्यापेक्षा थोडी पातळ असते. ती पीठ पेरून करायच्या भाजीला छान, पटकन शिजते. भरून करायची असेल तर त्यातल्या त्यात जाड, सपाट बुडाची फळं बाजूला काढा.

एप्रिलमध्ये फुलं पुन्हा गळायला लागतील. पानं निरोगी असली तर झाड सावलीत हलवा, खत बंद करा, जेमतेम पाणी द्या आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर फुटभर उंचीवर छाटा. नवी फूट येते आणि ऑक्टोबरात तेच झाड नव्या रोपाच्या आधी फुलतं. पानं थोडी जरी आखडलेली असतील तर हा खटाटोप करू नका. झाड उपटा, कुंडीतली माती प्लास्टिकमध्ये बांधून उन्हात तापवायला ठेवा आणि ऑगस्टसाठी ताजं बी आणा.